उरलेल्या मालाची किर्द

बोईसर स्थानकाच्या फलाटावर वावरणाऱ्या माणसांचा व्यवसाय त्यांच्या हातांतील ओझ्यांवरून ओळखण्याचा छंद ज्याला असेल, त्याच्या दृष्टीस गेल्या काही वर्षांत एक नवे ओझे पडू लागले आहे. रिकाम्या डब्याची पिशवी कारखान्यातील पाळी संपवून परतणाऱ्याची, बर्फाच्या पाण्याने निथळणारी पाटी दांडी-नवापूरकडील कोळणीची, चिकूची करंडी डहाणू-घोलवडच्या बागाइतदाराची, ही ओळख जुनीच आहे. परंतु मुंबईतील मोठमोठ्या कापडदुकानांची नावे छापलेल्या चार-चार फुगलेल्या पिशव्या दोन्ही खांद्यांना अडकवून, गर्दीतून त्या सांभाळत, रात्रीच्या डहाणू लोकलमधून उतरणारा विशी-पंचविशीतला तरुण किंवा तिशीतली गृहिणी पाहिली म्हणजे प्रथमदर्शनी पाहणाऱ्याचा असाच समज होतो, की घरात लग्नकार्य निघालेले दिसते. पिशव्यांत डोकावण्याचा योग आला तर हा समज टिकत नाही. त्यांत सात सदरे असतात आणि एकही त्या तरुणाच्या मापाचा नसतो. पाच जोडे असतात आणि पाचही एकाच क्रमांकाचे असतात. हा माणूस खरेदी करून आलेला नाही. तो माल भरून आला आहे.

मोठ्या दुकानांच्या हंगामअखेरीच्या सवलतीत, म्हणजे सर्वसामान्य बोलीत ‘सेल’मध्ये, निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीस निघालेला माल उचलावयाचा, घरी आणून त्याची छायाचित्रे काढावयाची, व्हॉट्सॲपच्या ‘स्टेटस’वर किंवा एखाद्या विक्रीच्या ॲपवर ती टाकावयाची आणि मधल्या फरकावर आपला निर्वाह, निदान आपला वरखर्च, चालवावयाचा, हा उद्योग आज पालघर आणि बोईसर-तारापूरच्या चाळींत आणि गृहसंकुलांत चांगलाच परिचयाचा झाला आहे. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरील चर्चगेट बोईसरच्या माणसास पूर्वीपेक्षा सुगम झाले. त्याच सुमारास, जून २०१३ मध्ये, ॲमेझॉनने भारतात आपली पेठ उघडली आणि २०१५ अखेरीस ‘मीशो’ निघून, गाठी भांडवल नसलेल्या स्त्रियांनाही ओळखीपाळखीत माल विकण्याची वाट मोकळी झाली. लोहमार्ग आणि हातातला फोन यांच्या या संगमावर हा नवा व्यापारी उभा आहे. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्यास ‘घरबसल्या लक्षाधीश’ होण्याचा राजमार्ग म्हणतो, तर कोणी त्यास आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा दलाल ठरवून मोकळा होतो. माझ्या मते दोघांनीही त्याची वही पाहिलेली नाही. आणि खेदाची गोष्ट ही, की ती वही बहुधा त्याने स्वतःही लिहिलेली नसते.

आधी दलालीच्या आरोपाचा परामर्श घेऊ. वस्तू निर्माण न करता जो तिच्यावर नफा मिळवतो त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्या समाजास फार जुनी आहे. शेतकरी पिकवतो, विणकर विणतो, आणि मधला अडत्या काहीच न करता दस्तुरी खातो, ही कैफियत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत आणि तीत पुष्कळ तथ्यही आहे. तथापि मधला प्रत्येक माणूस निरुपयोगीच असतो असे मानले, तर आपल्या आठवणीतल्या बोहारणीस काय म्हणावे? जुनी लुगडी, विटलेले सदरे, जरीचे जीर्ण काठ घेऊन त्या मोबदल्यात स्टीलचे पातेले देणारी ती बाई घराघरातील अडगळ उचलून, ती ज्यास हवी होती त्याच्या दारापर्यंत नेत असे. तिने काही विणले नाही, काही घडवले नाही. पण एका घरी जे निरुपयोगी होते ते दुसऱ्या घरी उपयोगी होते हे ज्ञान तिच्यापाशी होते, आणि त्या ज्ञानामागे दिवसभर उन्हातान्हात हिंडण्याचे श्रम होते. कापडगिरण्यांच्या ताग्यांची उरलेली टोके वजनावर विकत घेऊन ‘कटपीस’ची दुकाने चालवणाऱ्यांनी मुंबई प्रांतातील किती कुटुंबांच्या अंगावर दिवाळीचे नवे वस्त्र घातले असेल याची गणती कोण करणार? उक्ता माल घेऊन तो सुटा विकणे हा व्यापाराचा आद्य प्रकार आहे. बोईसरचा हा तरुण त्याच वंशातला आहे, फरक इतकाच, की त्याची आरोळी गल्लीत घुमत नाही, ती काचेवर उमटते: “ताई, हा पीस शेवटचा आहे.”

आता मुळाकडे जाऊ. सवलतीचा हा माल येतो कोठून? ग्राहकास वाटते की दुकानदार उदार झाला. वास्तविक दुकानदार चुकलेला असतो. पुढील हंगामात लोक कोणता रंग पसंत करतील, कोणत्या मापाचे सदरे अधिक खपतील, पाऊस लांबेल की लवकर येईल, याचा अदमास त्याने सहा-आठ महिने आधी बांधलेला असतो, आणि त्यात काही अंशाने तो फसतोच. मधली मापे संपून टोकाची मापे उरतात, ज्यास व्यापारात ‘साइज तुटली’ असे म्हणतात. तो उरलेला माल फळीवर बसून राहिला तर त्या फळीचे भाडे, दिव्याचे बिल आणि अडकलेल्या रकमेचे व्याज चालूच राहते, आणि त्या जागेवर यावयाचा नवा माल दारात तिष्ठत असतो. तेव्हा अधिक भाडे भरण्यापेक्षा कमी किंमत घेणे शहाणपणाचे ठरते. ‘सेल’ म्हणजे चुकीच्या अदमासाचा दंड होय, आणि तो भरताना मोठ्या दुकानदाराचे कौशल्य यात असते, की तो दंडही उत्सवासारखा साजरा करतो. २६ जानेवारी २००६ रोजी ‘बिग बझार’ने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला तेव्हा उसळलेली गर्दी आवरणे दुकानांस कठीण गेले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘फ्लिपकार्ट’ने ‘बिग बिलियन डे’ मांडला तेव्हा संकेतस्थळच कोलमडले आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांना ग्राहकांची क्षमा मागावी लागली. उत्सव वाढत गेले, आणि त्यांच्या मागोमाग उत्सवातून माल उचलणारेही वाढले.

या ठिकाणी इतिहासाचा एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. लोअर परळच्या ज्या फिनिक्स गिरणीच्या आवारात एके काळी कापड निघत असे, तेथे आज कापड विकणारे भव्य संकुल उभे आहे. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. विणकामाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणि तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींकडे गेला. ही तारापूर वसाहत नावाने तारापूरची असली तरी वसली आहे बोईसरला, म्हणजे लेबल एका गावाचे आणि माल दुसऱ्या गावाचा, ही रीत आमच्या भागास नवीन नाही. येथे रसायने निघतात, औषधे निघतात, पोलाद निघते आणि कापडही निघते. कोलवड्याच्या बाजूच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला कापडावर नजर ठेवून उभा राहणारा कंत्राटी कामगार सुट्टीच्या दिवशी लोकलने मुंबईस जातो, तशाच कापडाचा शिवलेला सदरा निम्म्या किमतीत विकत घेतो आणि तो परत बोईसरला आणून शेजाऱ्यास विकतो. एका वस्त्राच्या या प्रदक्षिणेत किती हातांनी नफा घेतला आणि त्यांतल्या कोणत्या हाताला सर्वांत कमी मिळाला, याचा विचार अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. मी येथे फक्त शेवटच्या हाताचा हिशेब मांडतो.

उदाहरणादाखल असे धरू की १,४९९ रुपये छापील किमतीचा सदरा सेलमध्ये ४५० रुपयांस मिळाला आणि ॲपवर तो ७९९ रुपयांस लावला. पाहणाऱ्यास वाटते की ३४९ रुपये सुटले. परंतु ॲपची दस्तुरी, ठरावीक आकार आणि पार्सलचा खर्च मिळून २०० रुपये गेले. पिशवी, चिकटपट्टी आणि छापील पत्ता यांस १५ रुपये. मुंबईच्या फेरीचा खर्च मालावर वाटला तर नगास २० रुपये. शिल्लक राहिले ११४. असे दहा सदरे घेतले. आठ विकले गेले आणि दोन परत आले. आठांचे मिळाले ९१२ रुपये. परत आलेल्या दोहोंवर बांधणीचे आणि फेरीचे ७० रुपये आधीच खर्च झाले होते. त्यांच्या जाण्यायेण्याचा आकार नगास १२० धरला तर २४० रुपये आणखी गेले. आणि त्यांतला एक सदरा कॉलरवर पावडरचा डाग घेऊन परतला, म्हणजे ४५० रुपयांची वस्तू निकामी झाली. आता बेरीज-वजाबाकी करून पाहावी: नफा निघाला १५२ रुपये, आणि तोही पलंगाखालचा न विकलेला सदरा ४५० रुपयांचा धरला तर. यासाठी एक अख्खा दिवस लोकलमध्ये आणि दुकानांच्या रांगेत गेला, दोन रात्री छायाचित्रे काढण्यात आणि “अजून कमी होईल का?” या तगाद्यास उत्तरे देण्यात गेल्या, आणि एक सकाळ पार्सले पोहोचवण्यात. हे आकडे कमीजास्त होतील, ॲप बदलले की दस्तुरी बदलेल, कोणाचा एकही सदरा परत येणार नाही आणि कोणाचे पाच येतील. परंतु हिशेबाचा सांगाडा हाच राहील.

या सांगाड्यातून जी गोष्ट स्पष्ट होते तीच मला या लेखात सांगावयाची आहे. या धंद्यातला नफा सवलतीचा नाही. सवलत तर सर्वांसाठी खुली असते, आणि जे सर्वांना मिळते त्यावर कोणालाच नफा मिळत नाही. हा नफा, जेव्हा मिळतो तेव्हा, जोखमीचा मोबदला असतो. मोठ्या दुकानाने आपली फसलेली खरेदी, आपली तुटलेली मापे, आपली अडकलेली रक्कम लहान माणसाच्या खांद्यावर ठेवली आणि त्याबद्दल त्यास किमतीत सूट दिली, एवढाच या व्यवहाराचा अर्थ. पूर्वी हा न खपलेला माल मोठ्या वखारीत पडून राहत असे. आता तो बोईसरच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत पलंगाखाली, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आणि मुलांच्या दप्तरांच्या शेजारी पडून राहतो. वखारीचे भाडे दुकानाच्या वहीत लिहिले जाई. खोलीचे भाडे मात्र कोणीच लिहीत नाही, कारण ती खोली ‘आपलीच’ असते. भांडवलही बहुधा भिशीचे किंवा बचत गटाच्या कर्जाचे असते, आणि भिशी लागली त्या महिन्यात माल भरला व तो दिवाळीपर्यंत विकला गेला नाही, तर पुढचा हप्ता घरखर्चातून जातो. मोठ्या दुकानाची चूक लहान घरात साठते, ती अशी.

मग या माणसाने हा उद्योग सोडून द्यावा काय? मुळीच नाही. जोखीम पत्करणे हा काही अपराध नव्हे. ती डोळे झाकून पत्करणे हा मात्र अविचार होय. कायद्यानेही त्याच्या हक्कास पुरेसा आधार दिलेला आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या ३० व्या कलमाचा मथितार्थ असा, की व्यापारचिन्ह असलेला माल ज्याने रीतसर विकत घेतला, त्यास तो पुढे विकण्यापासून चिन्हाचा मालक सहसा रोखू शकत नाही. मात्र बाजारात आल्यानंतर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल तर हरकत घेण्यास त्यास रास्त कारण मिळते. ॲमवे कंपनीचा माल ॲमेझॉनवर परस्पर विकला जाण्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१९ मध्ये मनाई दिली होती. ती खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये रद्द केली. सारांश, आपल्या पैशाने घेतलेली वस्तू विकण्याचा हक्क निर्विवाद आहे. परंतु हक्कास लागूनच कर्तव्य येते, आणि या धंद्यातली कर्तव्ये छापील किंमत, मुदत आणि दाखला या तीन शब्दांत मावतात.

छापील किमतीचा इतिहास उद्बोधक आहे. दुकानदाराने स्थानिक कराच्या नावाखाली मनास येईल ती रक्कम उकळू नये म्हणून १९९० च्या सुमारास वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले, आणि २०११ च्या वैधमापन नियमांनी तेच बंधन पुढे चालवले: किरकोळ विक्रेत्याने छापील किमतीहून अधिक घेऊ नये, आणि ती किंमत खोडू, पुसू वा बदलू नये. अमेरिकेत सवलतीचा माल उचलून दुप्पट-तिप्पट दराने विकण्याच्या ज्या कथा ऐकू येतात, त्यांचे अनुकरण येथे याच कारणाने होऊ शकत नाही. तुटवडा पडला म्हणून १,४९९ चा सदरा २,००० ला विकणारा आपल्याकडे नियमभंग करतो, मग तो दुकानात विको वा फोनवर. पुढे १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही ही किंमत दाखवणे आवश्यक ठरले. इतके सर्व ठीक. परंतु ग्राहकाच्या रक्षणासाठी निर्माण झालेली ही ढाल आज रंगभूमीवरील पडद्यासारखी वापरली जात आहे. छापील किमतीहून जास्त घेऊ नये असे नियम सांगतो. छापील किंमत किती छापावी हे तो सहसा सांगत नाही. तेव्हा जो सदरा पाचशेस विकावयाचा आहे त्यावर पंधराशे छापावेत, ते ठळक रेघेने खोडल्याचे दृश्य पडद्यावर दाखवावे आणि ‘सत्तर टक्के सूट’ अशी दवंडी पिटावी, हे सोपे तंत्र झाले आहे. पुनर्विक्री करणारा तरुण या तंत्राचा कधी बळी असतो आणि कधी वाहक. त्याने आपली किंमत छापील आकड्याशी न ताडता, तशीच वस्तू पालघरच्या बाजारपेठेत आज कितीस मिळते त्याच्याशी ताडावी. ग्राहकानेही तेच करावे. सूट किती हा प्रश्न निरर्थक आहे. किंमत किती हाच प्रश्न खरा आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामुदायिक खरेदीचा जो धडा घालून दिला त्याचे सारही हेच होते, की ग्राहकाने दुकानाच्या फलकाकडे पाहू नये, मालाकडे आणि दराकडे पाहावे.

दुसरा शब्द मुदत. कापडास मुदत नसते, फार तर त्याचा रंग उडतो. परंतु सेलमध्ये बिस्किटे, चॉकलेटे, बालकांची अन्ने, मलमे आणि सौंदर्यप्रसाधनेही निघतात, आणि ती बहुधा मुदत संपत आली म्हणूनच निघतात. दोन महिने उरलेली वस्तू दुकानातून उचलली, तीन आठवडे घरात राहिली, एक आठवडा वाटेत गेला, तर ग्राहकाच्या हाती काय पडते? ऑनलाइन पोहोचवल्या जाणाऱ्या खाद्यवस्तूच्या मुदतीचा किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे; शिवाय खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, तो कितीही लहान असो, नोंदणी घेतली पाहिजे. बोईसरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले चॉकलेट किंवा मलम वेष्टनावरील तारखेआधीच मरते, हे तर कोणत्याही दंडकाविना समजण्याजोगे आहे. खेळणी आणि विजेची उपकरणे यांवर मानक चिन्ह आहे की नाही हेही पाहावे लागते. माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्याच्यापाशी थंड आणि कोरडी जागा नाही त्याने पोटात जाणाऱ्या आणि अंगास लावण्याच्या जिन्नसांच्या वाटेस जाऊच नये. कापड, जोडे, भांडी आणि पुस्तके एवढे क्षेत्र त्यास पुरेसे आहे.

येथेच एका सूक्ष्म सीमारेषेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. साठेबाज आणि पुनर्विक्रेता यांत भेद कोणता? साठेबाज दुर्मिळ वस्तू लोकांच्या हातून दूर नेतो. पुनर्विक्रेता अतिरिक्त वस्तू लोकांच्या हाताजवळ आणतो. पहिल्याच्या नफ्याचे मूळ इतरांच्या अडचणीत असते, दुसऱ्याच्या नफ्याचे मूळ वस्तूच्या स्थानांतरात. म्हणूनच मुंबईच्या दुकानात उरलेला सदरा मनोरच्या आठवडी बाजाराशेजारच्या घरात पोहोचवणे हे लोकोपयोगी काम आहे, आणि याच न्यायाने, गावातील स्वस्त दुकानात साखर-तेलावर किंवा बालकांच्या दुधाच्या डब्यांवर एक दिवसाची सवलत निघाली असता, सकाळी सहालाच रांगेत उभे राहून दहा डबे उचलणे आणि संध्याकाळी तेच डबे छापील किमतीच्या जवळपास विकणे हे निंद्य काम आहे, मग ते नियमात बसो वा न बसो. त्या दहा डब्यांपैकी नऊ डबे अशा आयांच्या वाट्याचे होते, ज्यांना कामावरून सुटून दुपारीच दुकानात जाणे शक्य होते. उरलेला माल उचलणे आणि पुरवठ्याचा माल उचलणे यांतले तारतम्य ज्याने सोडले, त्याने बोहारणीचा वंश सोडून साठेबाजाचा वंश धरला असे समजावे.

तिसरा शब्द दाखला, म्हणजे बिल. सेलमधील खरेदीचे बिल खिशात चुरगळून फेकून देणे ही या धंद्यातील सर्वांत महाग चूक आहे. कारण माल अस्सल आहे आणि रीतसर घेतलेला आहे हे सिद्ध करण्यास दुसरे काहीच साधन नसते, आणि खऱ्याखोट्याची तक्रार येताच ॲप प्रथम त्याच कागदाची मागणी करते. जे बिल देत नाहीत त्यांच्याकडून माल घेऊ नये, हा त्याचा दुसरा भाग. ‘मोठ्या कंपनीच्या परत आलेल्या मालाचा लॉट, किलोच्या भावाने’ अशा जाहिराती फोनवर सारख्या येत असतात. आगाऊ रक्कम घेऊन नाहीशा होणाऱ्यांचा सुळसुळाट त्यांत इतका झाला आहे, की वखार डोळ्यांनी पाहिल्याविना आणि लॉट हातांनी उलटापालटा केल्याविना एक रुपयाही पाठवू नये. भिवंडी काही सातासमुद्रापार नाही. मनोर-वाडा मार्गे जाऊन अर्ध्या दिवसात पाहून येता येते. फसवणूक झालीच तर लाज न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते, पुढे ती उरत नाही.

येथवर विक्रेत्यास उपदेश झाला. आता सरकारकडे आणि ॲपवाल्यांकडे वळतो. वस्तू व सेवा करात महाराष्ट्रातील मालविक्रेत्यास ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु ऑनलाइन विकणाऱ्यास ही सवलत पूर्वी नव्हती, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली आणि तीही राज्याच्या सीमेच्या आत विकणाऱ्यापुरतीच. याचा आमच्या जिल्ह्यातला परिणाम पाहण्यासारखा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा गुजरातच्या सीमेस लागून आहे. बोईसरहून उंबरगाव लोहमार्गाने तासाभरावर, वापी त्याच्या थोडे पुढे. या पट्ट्यात सोयरीक, नोकरी आणि बाजारहाट सीमेच्या दोन्ही बाजूंस चालतो. असे असता बोईसरच्या गृहिणीने एक साडी राज्याच्या दुसऱ्या टोकास गडचिरोलीला पाठवली तर ती नोंदणीविना चालते, आणि तीच साडी उंबरगावच्या नणंदेच्या शेजारणीस विकली तर नोंदणी, विवरणपत्रे आणि सनदी लेखापालाची फी हे सारे शुक्लकाष्ठ मागे लागते. ज्या करपद्धतीने देश एक बाजारपेठ केला असे आपण म्हणतो, तिने सर्वांत लहान व्यापाऱ्यापुरता जकातनाका अद्याप उठवलेला नाही. लहान विक्रेत्यास ठरावीक उलाढालीपर्यंत परराज्यातही नोंदणीविना विकू द्यावे, ही मागणी रास्त आहे आणि सीमेवरील जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी ती आग्रहाने मांडली पाहिजे.

ॲपवाल्यांस सांगणे एवढेच, की सदोष वस्तू परत करण्याचा ग्राहकाचा हक्क पवित्र आहे आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तो मान्य केला आहे. परंतु एका लग्नास नेसून दुसऱ्या दिवशी साडी परत करणे हा हक्क नव्हे, ते विनामूल्य भाडे होय. ‘बिनतक्रार परत’ ही जाहिरात ॲपने करावी आणि तिचा भार पलंगाखाली माल ठेवणाऱ्याने सोसावा, हा न्याय नव्हे. ज्याने औदार्याची घोषणा केली त्याने औदार्याचा खर्चही उचलावा. निदान वापरून परत आलेल्या वस्तूचे छायाचित्र पाहून तंटा ऐकणारा, मराठी समजणारा एखादा माणूस नेमावा. विक्रेत्याच्या तक्रारीस आज जे यांत्रिक उत्तर मिळते, त्यात त्याचे नावही धड लिहिलेले नसते.

शेवटी पुन्हा त्या फलाटावरच्या तरुणाशी आणि त्या गृहिणीशी बोलतो. आपला उद्योग हलका नाही. परंतु आपण त्यास हिशेबाविना हलका करून घेतला आहे. आपल्या आजोबांच्या किराणा दुकानात, ते कितीही लहान असो, गादीखाली एक लाल वही असे आणि दिवस मावळला की दिव्याखाली किर्द लिहिली जाई: जमा डावीकडे, नावे उजवीकडे. तशी एक वही आजच घ्यावी. फोनमध्ये लिहावीशी वाटल्यास तेथे लिहावी, पण लिहावी. तीत गाडीभाडे लिहावे, चिकटपट्टी लिहावी, परत आलेला सदरा लिहावा, भिशीचा हप्ता लिहावा, आणि आपण खर्ची घातलेले तास लिहून त्यांची मजुरीही नावे टाकावी. तीन महिन्यांनी बेरीज करावी. शिल्लक निघाली तर धंदा वाढवावा, आणि नाही निघाली तर पुढच्या सेलच्या दिवशी लोकल न पकडता घरी राहावे. त्या दिवशी मोठ्या दुकानाचा उरलेला माल त्याच्याच फळीवर राहील, आणि त्या फळीचे भाडे त्याचे त्याने भरावे.